रक्ताला माणूस

तुमच्या घरात रक्ताची माणसं किती आहेत? बोटांवर मोजून बघा. मोजून झालं की एवढंच सांगा, त्यात सुनेला धरलंत का?

आमच्या घरात धरलं नव्हतं. कुणी मुद्दाम वगळलं असंही नाही. मोजायला बसलं की ती आपोआप बाहेर राहायची, जशी पंगत बसली की वाढणारी बाहेर राहते.

मी पत्रकांवर वाढले. माझे बाबा शाळेत मास्तर, सकाळ-संध्याकाळ वाडीत बागाईतदार आणि उरलेला सगळा वेळ चळवळीत. वसईच्या विहिरींचं पाणी उपसून नेणाऱ्या टँकरवाल्यांविरुद्ध एक पत्रक, सातिवलीच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी दुसरं, फुलपाड्याच्या चाळींतल्या नळासाठी तिसरं. उरलेल्या गठ्ठ्यांची आमच्या वह्यांना कव्हरं व्हायची आणि मोगऱ्याच्या पुड्या त्यातच बांधल्या जायच्या. अक्षरओळख झाली तशी मी प्रुफं तपासायला लागले. एक काना चुकला तरी बाबा म्हणायचे, "शब्द बिघडला की माणूस बिघडतो." ते वाक्य मी तेव्हा खरं मानलं. आजही मानते, म्हणून तर हे लिहिते आहे.

बाबांच्या पत्रकांत रक्त फार असायचं. रक्तपिपासू टँकरवाले. रक्ताचं पाणी करून राखलेल्या वाड्या. रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढू. एकदा छापखान्यातल्या जुळाऱ्याने 'रक्त सांडू पण पाणी देणार नाही' याचं 'रक्त मांडू पण पाणी देणार नाही' केलं. बाबा संतापले. "मांडायला ती काय भाजी आहे?"

"सांडण्यापेक्षा मांडलेलं बरं, मास्तर," जुळारी अक्षरांचे खिळे उचलत म्हणाला. "उचलून परत तरी ठेवता येतं."

घरात मात्र रक्त नव्हतं, रगत होतं. रक्त छापायचं, रगत बोलायचं. रक्त पुरुषांचं, ते सांडायचं. रगत बायकांचं, ते जायचं. आई म्हणायची, "हिच्या अंगावरून फार जातं," आणि तिथे विषय संपायचा. मी वाद घालायला लागले की म्हणायची, "हिचं रगत फार उसळतंय, लग्न झालं की बसेल खाली." आणि तिसरं होतं ते नात्यातलं. अमका रगताचा, तमका रगताचा नाही. लग्नाच्या याद्या, वाटण्या, सुतक, सगळं त्या एका 'चा'वर चालायचं.

वहिनी केळव्याची. आमच्यासारख्याच बागाईतदार घरातली, मॅट्रिक झालेली. वडील गेलेले, घरी आई आणि एक भाऊ. दादा, माझा मोठा भाऊ, वाडी बघायचा आणि फुलांचे करंडे दादरला न्यायचा. लग्न होऊन आली तेव्हा वहिनीने दोन दिवस डोळे खाली ठेवले. तिसऱ्या दिवशी मी प्रुफं तपासत होते, तर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "वन्सं, हे 'स्त्रीयांचे' चुकलंय. ऱ्हस्व हवं." मी तिच्याहून लहान. तरी ती मला वन्सं म्हणायची, आईसमोर आदराने आणि आईच्या माघारी चिडवायला. बायकांच्या हक्कांवर बाबांनी जे एकच पत्रक काढलं, त्याची प्रुफं आम्ही दोघींनी मिळून तपासली. ती मोगरा ओवायची आणि मी मोठ्याने वाचायचे. 'वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा' या ओळीवर ती थांबली आणि म्हणाली, "इथे चूक नाही काही. पुढे वाचा."

ती गरोदर राहिली आणि सातव्या महिन्याच्या अखेरीस, शिमग्याच्या सुमाराला, एका सकाळी तिच्या अंगावरून जायला लागलं. मी कॉलेजला गेले होते. फुलांच्या टेम्पोत घालून तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं. निरोप मिळाला तशी मी परस्पर तिथे गेले, तेव्हा दुपार होत आली होती.

व्हरांड्यात बाकांवर आमचं सगळं घर बसलं होतं. आई, बाबा, काका, काकांचे दोन मुलगे. वाडीत नांगर ओढतील असे ते दोघे. कुणीतरी चहा आणला होता. दादा दिसेना.

"दादा कुठाय?"

"केळव्याला गेलाय," काका म्हणाले. "तिच्या भावाला आणायला."

"आत्ता? कशाला?"

"सिस्टरने सांगितलंय ना. रक्ताचा माणूस आणा म्हणून."

सिस्टर केरळची. तिची मराठी कामापुरती होती. शब्द बरोबर, प्रत्यय हाताला लागेल तो. सकाळी ती घाईघाईने बाहेर आली होती आणि म्हणाली होती, "ब्लड फार जाते. रक्ताचा माणूस आणा, जल्दी." सहा मराठी माणसांनी ते ऐकलं, त्यातला एक मास्तर. सगळ्यांना एकच अर्थ लागला. वहिनीच्या रक्ताचा माणूस म्हणजे तिचा भाऊ. भाऊ केळव्याला. मग केळव्याला कुणीतरी जायला हवं. नवऱ्यानेच जावं, तेच शोभतं. अर्थ इतका सरळ लागला की कुणी उलटून विचारलंही नाही. मधल्या वेळात सिस्टर दोनदा बाहेर आली आणि "माणूस आला?" विचारून गेली. दोन्ही वेळा आमच्या माणसांनी समाधानाने सांगितलं, "येतोय."

मी बसतेय तोवर डॉक्टरीणबाई स्वतःच बाहेर आल्या. हातमोजे तसेच होते.

"अहो, सकाळी रक्ताला माणूस सांगितला होता. कुठाय तो?"

"येतोच आहे," बाबा उठून म्हणाले. "केळव्याहून यायचाय. मुलाला पाठवलंय."

"केळव्याहून?" बाईंनी बाकांवरून नजर फिरवली. "आणि तुम्ही इतके जण इथे कशाला बसलात? भजनाला?"

आई पदर सावरत म्हणाली, "पण बाय, आम्ही तिच्या रगताचे नाय ना."

बाईंना आधी कळेचना. मग कळलं. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळेतल्या मुलांना सांगावं तसं त्या म्हणाल्या, "रक्ताचा नाही हो. रक्ताला. रक्ता-ला माणूस. चालता-बोलता कुणीही."

सिस्टरला मी दोष देत नाही. तिने 'ला'च्या जागी 'चा' घातला. आम्ही मात्र जन्मभर 'चा'च ऐकत आलो होतो. ती मल्याळममध्ये बोलली असती तरी आमच्या माणसांनी तोच अर्थ लावून घेतला असता.

मग बोटं टोचून घ्यायला सुरुवात झाली. वहिनीचा गट ओ. बाईंनी समजावलं की ओ सगळ्यांना चालतं, पण ओला फक्त ओच चालतं. सगळ्यांना द्यायचं आणि घ्यायची वेळ आली की आपल्यासारखंच कुणी शोधायचं. माझ्या ओळखीच्या बहुतेक सुना मग त्याच गटाच्या असाव्यात. माझं निघालं बी, आईचंही तेच. बाबांना साखरेचा विकार, काकांना रक्तदाब, दोघेही बाद. धाकटा चुलतभाऊ ए. थोरल्याने बोट पुढे केलंच नाही. "मला सातिवलीला दुसरी पाळी आहे, उशीर होईल," म्हणाला आणि चपला घालून निघाला. आमच्या भाषेत पाळी दोघांनाही येते. पुरुषाची आली की त्याला जाऊ देतात.

शेवटच्या थेंबापर्यंत लढणारं आमचं घर पुन्हा बाकांवर बसलं.

संध्याकाळी दादा आला, सोबत वहिनीचा भाऊ. धावतच आले दोघे. भावाने बाही आधीच वर करून ठेवली होती. आईच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. सख्खा भाऊ, रगताचा माणूस, आता काम होणार. त्याचं बोट टोचलं. ए. एका पोटचे, एका ताटात जेवलेले, आणि बाटलीत जुळेनात. तो तिथेच भिंतीला टेकला.

मग दादाचं बोट टोचलं. ओ.

ज्याचं रक्त दिवसभर हवं होतं त्यालाच आम्ही दिवसभर केळव्याला पाठवलं होतं. बाई फक्त म्हणाल्या, "चला आत." दादा उठला आणि आईने त्याचा सदरा धरला.

"तो नको."

"का?"

"नवऱ्याचं रगत बायकोच्या अंगात गेलं की ती त्याच्या रगताची झाली. नवऱ्याच्या रगताची बाई म्हणजे कोण, बाय? बहीण."

मला वाटलं, आता बाबा बोलतील. चौकाचौकांत अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस तो. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि दादाला म्हणाले, "तू काय ते ठरव."

दादा आईकडे बघत उभा राहिला. किती वेळ, ते माहीत नाही. आत बायको मरत असताना तो वेळ जितका लांब वाटेल तितका.

"आई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जगली तर बायको की बहीण ते घरी जाऊन ठरवा. मेली तर प्रेत होईल, हे मी आत्ताच लिहून देते."

वहिनीचा भाऊ भिंतीपासून सुटा झाला. "भावोजी, आपण होऊन आत जाता, की मी उचलून नेऊ?"

दादा गेला.

एका बाटलीने भागणार नव्हतं. बाईंच्या चिठ्ठीवर भाऊ मुंबईला रक्तपेढीत गेला, आपलं ए देऊन बदल्यात ओची बाटली घेऊन आला. पेढी या शब्दाचा मला तोवर राग यायचा. सावकाराची असते ती पेढी. पण त्या पेढीवर कुणी त्याला विचारलं नाही, बाई तुझी कोण लागते म्हणून. एका माणसाचं घेतलं, दुसऱ्या माणसाला दिलं. आमच्या घरापेक्षा ती पेढी माणसांची होती.

वहिनी वाचली. मूल पोटातच गेलं होतं. पिशवीही काढावी लागली. डॉक्टरीणबाईंनी हे बाबांना सांगितलं तेव्हा मी बाजूलाच होते. त्या म्हणाल्या, "दुपारीच रक्त मिळालं असतं तर पिशवी कदाचित वाचवता आली असती." बाबांनी घरी येऊन सांगितलं, "पिशवी काढली." आधीचं अर्धं वाक्य त्यांनी गाळलं. प्रुफातली गाळलेली ओळ मला लगेच दिसते. मी ती भरली, सगळ्यांसमोर, मोठ्याने. आई म्हणाली, "झालं ते झालं, आता उगाळू नको." बाबा वाडीत पाणी सोडायला गेले.

वहिनी घरी आली. तिचं अंथरूण माझ्या खोलीत घातलं, अशक्तपणा म्हणून. अशक्तपणा गेला तरी अंथरूण तिथेच राहिलं. दादा सकाळी करंडे घेऊन जायचा, आला की ओटीवर बसायचा. पाणी मागायचा, पण कुणाकडे ते सांगायचा नाही. "पाणी द्या जरा," असं हवेत. ती बायको म्हणून आणून द्यायची की आणखी कुणी म्हणून, हे ठरायचं राहिलं होतं.

मग ते ठरायला लागलं. आधी आईच्या तोंडी, मग बावखलावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या. आमच्याकडे बातमी त्या तळ्याच्या पायऱ्यांवरूनच गावभर जाते.

"काय गो, भावाला जेवायला वाढलंस का?"

वहिनी पिळा मारत म्हणायची, "वाढलं की. तुझ्या भावाला पण पाठव, त्यालाही वाढते."

त्या हसायच्या, तीही हसायची. घरी येऊन मात्र धुणं वाळत घालताना एकेक कपडा असा झटकायची की मोगऱ्याचे कळे गळावेत.

मी कॉलेजच्या वाचनालयात मोठा शब्दकोश उघडला. मला बघायचं होतं, बाटलीने रक्त देण्याला पुस्तकी मराठीत म्हणतात काय. आम्ही 'चढवणं' म्हणतो, जसा नवस चढवतात, साज चढवतात, ताप चढतो. कोशात शब्द सापडला, रक्ताधान. आधान म्हणजे ठेवणं, आत नेऊन ठेवणं. त्याच पानावर नाही, पण त्याच कोशात आणखी एक शब्द आहे, तो सगळ्यांना ठाऊक असतो, गर्भाधान. आधान तेच. घरी येऊन मी आईला विचारलं, "एका आधानाने ती बायको होते आणि दुसऱ्याने बहीण कशी होते?" आईने मला घराबाहेर काढायचं बाकी ठेवलं. वहिनीने आतून ऐकलं होतं. तोंडावर पदर धरून ती इतकी हसली की शेवटी ते हसणं राहिलं नाही.

आईवर मी अन्याय करू इच्छित नाही. त्या संध्याकाळी व्हरांड्यात ती खरंच घाबरली होती. तिच्या आईने तिला जे सांगितलं ते तिला खरं वाटत होतं. तेवढी भीती मी समजू शकते. पण पिशवी गेल्याचं कळल्यावर ती भीती कामाला आली. मूल होणार नाही म्हणून सून नको, हे तोंडाने म्हणायला लाज वाटते. बहीण झाली म्हणून नको, यात लाज नाही, उलट धर्म आहे. आधी ती आमच्या रक्ताची नाही म्हणून तिला रक्त मिळालं नाही. मग रक्ताची झाली म्हणून नवरा मिळाला नाही. एकच शब्द दोन्ही बाजूंनी चालवला, सुरीसारखा. आणि बाबांना सगळं कळत होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "कायद्याने दुसरं लग्न नाही करता येत. संमतीने फारकत घ्यावी लागेल." मास्तर होते. शब्द अचूक निवडला.

श्रावणात, राखीच्या दिवशी, मामा आगाशीहून आले. सोबत एका मुलीची माहिती घेऊन, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी दादाला राखी बांधली आणि तो पाटावरून उठला. आई नारळीभात आणायला वळली आणि वहिनी आतून आली. अंगावर जरीचं लुगडं, हातात तबक, तबकात निरांजन आणि राखी.

"बसा पाटावर," ती दादाला म्हणाली. मी त्याच्या बाजूला होते, जरा सरकले.

"हे काय?" मामा म्हणाले.

"काय म्हणजे? पाच महिने घर सांगतंय बहीण, गाव सांगतंय बहीण. मग होऊ दे ना रीतसर. अर्धवट कशाला?"

"सूनबाई, आत जा," आई म्हणाली.

"सूनबाई की लेक, तेवढं सांगा, म्हणजे कुठल्या आत जायचं ते कळेल." मग तिने बाबांकडे पाहिलं. "मला ओवाळणी नको, बाबा. साडी नको. या घरची मुलगी म्हणता, तर मुलीचा वाटा द्या. दादाइतका, वन्संइतका. वाडीत तिसरा हिस्सा. मी पानवेलीची बाजू घेते, विहीर सामाईक ठेवू."

मामा हसले. कुणीच साथ दिली नाही तेव्हा थांबले.

आणि बाबांच्या तोंडून निघून गेलं, "बहिणींना कोण देतं वाटा?"

ते पटकन निघालं, उचकीसारखं. त्यांनी पत्रकात लिहिलं नव्हतं असं वाक्य. मी तिथेच उभी होते, त्यांची मुलगी, त्यांच्या पत्रकांची प्रुफं तपासणारी. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"ऐकलंत ना, वन्सं?" वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात चिडवणं नव्हतं. "तुमचंही ठरलं."

मग दादाने काय केलं? तो पाटावर बसला आणि मनगट पुढे केलं.

खरंच केलं. कुणी सांगितलं नव्हतं. राखी बांधून घेतली की सुटलो, असं त्याला वाटलं असणार. वहिनीने त्या हाताकडे नीट पाहिलं.

"दवाखान्यात हाच हात पुढे करायला केवढा वेळ लावलात," ती म्हणाली. "आज लगेच केलात."

तिने राखी बांधली नाही. तबक माझ्या हातात दिलं, निरांजन फुंकलं आणि जरीचं लुगडं बदलायला आत गेली. आठवडाभराने भाऊ येऊन तिला केळव्याला घेऊन गेला.

पुढे वकिलाकडे सही करायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, सही करते, पण कारण खरं लिहा, बायको बहीण झाली म्हणून. वकील हसला आणि त्याने लिहिलं, 'स्वभाव जुळले नाहीत.' रक्त जुळलं होतं, त्या वर्षभरात तेवढंच एक जुळलं होतं. आता ती केळव्याच्या बालवाडीत शिकवते. मी जाते अधूनमधून. ती मला अजून वन्सं म्हणते. नातं कायद्याने संपलं, हाक तिने ठेवून घेतली. बाबांनी मध्यंतरी माझ्यासमोर हक्कसोडीचा कागद ठेवला, वाडीवरचा माझा हक्क मी सोडून देते म्हणून. मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवल्या आणि सही न करता परत दिला. घरात माझ्याशी फारसं कुणी बोलत नाही. मला चालतं.

हे सगळं मी गिळून गप्प बसले असते का? नसते. पण आजच लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे.

दादाची दुसरी बायको, मामांनी आणलेली आगाशीची मुलगी, आठव्या महिन्यात आहे. एकोणीस वर्षांची आहे. तिने माझं काही वाईट केलेलं नाही. ती रात्रंदिवस भिऊन असते आणि मला विचारते, "ताई, पहिल्या वहिनींना काय झालं होतं हो?" घरात कुणी तिला सांगत नाही. काल मी तिचं दवाखान्याचं कार्ड पाहिलं. तिचा गट बी निगेटिव्ह आहे. दुर्मीळ असतो तो. डॉक्टरांनी खाली लिहिलंय, रक्ताची सोय आधी करून ठेवावी. मी विचारलं, कुणी सोय केली का?

आई म्हणाली, "त्याची नको काळजी. तिचं माहेर आगाशीला, हाकेच्या अंतरावर. म्हणून तर जवळची मुलगी केली या खेपेला."

हा धडा शिकलं आमचं घर. रक्ताचा माणूस लांब होता म्हणून घोटाळा झाला, तर आता रक्ताचा माणूस जवळ ठेवायचा.

काल संध्याकाळी मी बाबांचा जुना गठ्ठा काढला, कोऱ्या पाठीची पत्रकं घेतली आणि त्यावर हे लिहायला लागले. माझा गट बी आहे, पण निगेटिव्ह नाही. मी तिच्या उपयोगाची नाही. दादाचं ओ असलं तरी तेही निगेटिव्ह नाही, तिला चालणार नाही. आगाशीच्या भावाचं चालेल की नाही, कुणी तपासलेलं नाही. विरारपासून नायगावपर्यंत, जूचंद्रच्या मिठागरांपासून आगाशीच्या वाड्यांपर्यंत, बी निगेटिव्ह माणूस कुठेतरी आहे. तो आमचा कुणी लागत नसेल. त्यालाही आपला गट माहीत नसेल.

म्हणून वाचणाऱ्या तुम्हाला मागणं आहे, आणि ते पत्रकातल्यासारखं नाही. शेवटचा थेंब नको, लढायचं नाही, सांडायचं नाही. हे वाचून झालं की उद्या सकाळी जवळच्या दवाखान्यात जा आणि बोट टोचून आपला गट तपासून घ्या. तुमच्या घरात, शेजारच्या घरात, गल्लीच्या टोकाच्या घरात गरोदर सून असेल तर तिच्या घरी जा, तिच्या कार्डावर तिचा गट बघा आणि जुळत असेल तर खाली आपला पत्ता स्वतःच्या हाताने लिहून या. ती तुमची कोण लागते हे कुणी विचारलं तर सांगा, रक्ताला माणूस आलोय.